भिंत पडून मयत एक

मलकापूर
११ नोव्हेंबर २०२४

भाऊ,

माय कशी मेली हे मला येत्या महिन्यात एका तक्त्यात भरायचं आहे. तक्त्यात त्यासाठी एकच रकाना आहे आणि त्यात आज जे लिहिलेलं आहे ते खोटं आहे. खोटं आहे हे जगात तीनच माणसांना ठाऊक आहे. मी, तू, आणि ज्यांनी तिला मारलं ते बाबा.

फोनवर माझा आवाज आला की तू ठेवून देतोस, म्हणून कागद घेतला.

मी इथल्या कॉलेजात इतिहास शिकवते एवढं मामांकडून तुझ्या कानावर गेलंच असेल. दोन वर्षांपासून मी आणखी एक काम करते. आपल्या जिल्ह्यात आजवर जमीन कधी, कुठे आणि किती हलली ते जुन्या कागदांतून शोधायचं. यंत्रं अलीकडची. त्याआधीचा भूकंप सापडतो तो कुणीतरी लिहून ठेवलेल्या ओळीत. १९३८ च्या मार्चमध्ये सातपुड्यात मोठा धक्का बसला होता. त्याची नोंद मला शेगावच्या एका भटजींच्या पंचांगाच्या कडेला मिळाली : 'सूर्योदयाचे सुमारास भूमी कांपली, समई आडवी झाली.' इथल्या एका कापसाच्या दलालाने वहीत लिहिलंय की सरकीची थप्पी घसरली आणि हमाल पळाले. समई आडवी झाली म्हणजे धक्का एवढा, थप्पी घसरली म्हणजे तेवढा. असं गावोगावचं जुळवत जायचं. माझ्यासोबत हिमानी नावाची नागपूरची मुलगी आहे, भूशास्त्र शिकलेली. मी ओळ वाचते, ती तिचा आकडा करते. पुढे त्या आकड्यांवरून नकाशा होतो, आणि नकाशावरून ठरतं की कुठल्या गावातली शाळा किती मजबूत बांधायची.

गेल्या आठवड्यात ती १९९३ चे कागद चाळत होती. किल्लारीचा धक्का आपल्याकडे किती जाणवला ते बघायला. एक कागद तिने माझ्यासमोर ठेवला. अक्षर बाबांचं होतं. उतरवून देते :

'मौजे टाकळी हिरोजी, ता. संग्रामपूर. दि. ३०/९/९३ रोजी पहाटे चारचे सुमारास भूकंपाचा धक्का बसून माझे राहते घराची मागील भिंत कोसळली. भिंत पडून मयत एक : पुष्पाबाई भ्र. वामनराव, वय ४२. इतर हानी निरंक. प्रत्यक्ष पाहणार : मुलगा सुधाकर, वय २०.'

खाली सही, गावचे पोलीस पाटील म्हणून. खून केला त्यांनी, पंचनामाही त्यांनीच लिहिला. सगळं सरकार त्या दिवशी लातूरकडे धावत होतं, आपल्या गावातल्या एका मढ्याकडे कोण बघतो? दुपारी बाराच्या आत तिला जाळून आपण घरी आलो होतो.

हिमानी म्हणाली, "मॅडम, हे विचित्र आहे. आजूबाजूच्या तीस गावांत कुठे तडासुद्धा नाही. किल्लारी इथून इतकी लांब. मग याच एका घराची भिंत कशी पडली?"

मी म्हटलं, बघू.

तू विसरला असशील तर आठवण करून देते. अनंत चतुर्दशी होती. शाळेच्या गणपतीपुढे आम्ही पोरी लेझीम खेळलो. मी घरी आले तेव्हा दिवे लागून बराच वेळ झाला होता आणि माझ्या केसांत गुलाल होता. बाबांनी बैलबंडीच्या कडेची उभारी, तो जाड दांडा, उपसली. पहिला फटका माझ्या पाठीत बसला, दुसरा मांडीवर. तिसऱ्याला माय मधे आली आणि तिने उभारी दोन्ही हातांनी धरली. आयुष्यात पहिल्यांदा. बाबा थांबले. बायको आपला हात धरते हे त्यांना समजायलाच वेळ लागला बहुतेक. मग त्यांनी उभारी हिसकली आणि तिच्या डोक्यावर घातली. ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज झाला. ती खाली बसली. त्यांनी पुन्हा मारलं. ती आडवी झाल्यावर आणखी मारलं. तू ओट्यावर उभा होतास. वीस वर्षांचा होतास, बाबांहून हातभर उंच, आणि तुझे दोन्ही हात मोकळे होते.

पुढचं मला माहीत नाही. मी रडत रडत झोपून गेले. जाग आली ती भांडी वाजली तेव्हा, आणि बाहेर आले तर मागची भिंत मायच्या अंगावर पडलेली होती आणि लोखंडी सब्बल तुझ्या हातात.

आमच्या कामात एक नियम आहे. एकच साक्षीदार असला तर त्याच्या शब्दावर नोंद बदलत नाहीत. मला दुसरा हवा आहे. तू एक ओळ लिहून सही कर. आणखी काही मागत नाही.

स्नेहलता


मलकापूर
२ डिसेंबर २०२४

भाऊ,

तुझं पत्र मिळालं. एकतीस वर्षांनी दोन ओळी. 'माय भूकंपात गेली. तू शिकून शहाणी झाली असशील तर थे शहाणपण तुह्यापाशीच ठेव.'

पहिली ओळ वाचून मी चिठ्ठी चुरगळली. दुसरी नंतर सरळ करून वाचली.

मला तुझा राग येतो भाऊ, आणि तो मी लपवणार नाही. मामा नारायणराव मला तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी शेगावला घेऊन गेले. मी परत आले नाही. तुझ्या लग्नाला नाही, काजलच्या बारशाला नाही. वहिनी तुझ्या घरातून सात वर्षांची पोर मागे टाकून माहेरी निघून गेली तेव्हा मामा मला म्हणाले, "तिच्या हातावर काठीचे वळ व्हते." कोणाच्या काठीचे हे मी विचारलं नाही. तुझ्या की बाबांच्या, हे मला कळून घ्यायचं नव्हतं.

आता कळून घ्यायचं आहे, कारण काजलचा फोन आला.

माझ्या पत्राचा लिफाफा तिने तुझ्या उशाखाली पाहिला आणि त्यावरून नंबर घेतला. मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकत होते. मला वाटलं ती शिक्षणाचं काहीतरी विचारेल, सतरा वर्षांची आहे, बारावीला आहे. ती म्हणाली, "आत्या, आजी खरंच भिंतीखाली मेली का?"

"काऊन विचारतेस?"

"आजोबा चिडले का म्हनतात, जास्त बोलशीन तर तुह्या आजीसारखी करीन. मी इचारलं, आजीले तं भूकंपानं मारलं ना. तं हासले. म्हने, भिंत काय सांगून पडते का?"

मी खुर्चीवरून उठून खिडकीशी गेले. तिला दिसू नये म्हणून. ती तर फोनवर होती.

"बाबा काय म्हणतात तुझे?"

"बाबा काईच म्हनत नाईत. बाबा वावरात निंगून जातात."

म्हणजे तू अजून ओट्यावरच उभा आहेस.

दुसरी गोष्ट ऐक. हिमानीला त्या नोंदीने झपाटलंय. तिला वाटतं की तुमच्या गावाखाली वान नदीचं जुनं पात्र असणार, भुसभुशीत, म्हणून लांबचा धक्कासुद्धा तिथे वाढून बसतो. शाळेत यंत्र ठेवून तपासायचं तिने ठरवलंय. मी म्हटलं, ती नोंद सोडून दे. ती म्हणाली, "का? पोलीस पाटलाने त्याच दिवशी, जागेवर लिहिलेली आहे. साक्षीदाराचं नाव आहे. याहून चांगला पुरावा आपल्याकडे १९३८ चासुद्धा नाही." तिला नियम मीच शिकवलेत.

चौदा तारखेला, शनिवारी, आम्ही गावात येतोय. हिमानी बाबांची मुलाखत घेणार आहे. मी गाडीत बसून राहीन असं तिला सांगितलंय. तुला खरं सांगते, मी बसून राहणार नाही.

शनिवारच्या आत तू बोललास तर मी येणारच नाही. काजलला न्यायला मात्र येईन.

स्नेहलता


अकोला
२० डिसेंबर २०२४

भाऊ,

हे पत्र बुलढाण्याच्या तुरुंगात तुझ्या आधी दुसरं कोणी वाचेल. वाचू दे.

बाबा मंगळवारी दुपारी गेले. शुद्धीवर आले नाहीत. काही बोलले नाहीत. मी शेजारच्याच वॉर्डात होते, डावं गळपट्टीचं हाड मोडलंय आणि उजव्या हाताची दोन बोटं. लिहिते आहे ती काजल. मी सांगते, ती लिहिते. तिच्या कपाळाला नऊ टाके आहेत. अक्षर खालीवर झालं तर समजून घे.

त्या दिवशी तू काय पाहिलंस मला माहीत नाही. मी काय पाहिलं ते सांगते, कारण पुढे सगळे जण सगळं वेगवेगळं सांगतील.

आम्ही अंगणात आलो तेव्हा बाबा खाटेवर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होते. घर सगळं नवं, सिमेंटचं. मागची भिंत कुठे होती ते मला ओळखता आलं नाही. तू गोठ्यापाशी होतास. माझ्याकडे पाहिलंस आणि ढेपेची पाटी खाली ठेवली. बाबांनी मला ओळखलं नाही. हिमानीने नमस्कार केला आणि प्रश्नांचा कागद काढला.

"आजोबा, धक्का बसला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"घरातच. झोपलो व्हतो."

"जाग आली?"

"आली ना. भांडे वाजले."

"फळीवरची पडली का काही?"

"नाई. वाजली तेवढी."

हिमानी लिहिता लिहिता थांबली. "भांडी पडली नाहीत, पण भिंत पडली?"

"येकच पडली. मांगची. ओली व्हती."

"आजी कुठे झोपल्या होत्या?"

"भिंतीपाशीच. रोज तिथंच झोपे."

इतक्या शांतपणे. घाट्यातून दाणा काढून तोंडात टाकत. मी म्हटलं, "माय रोज माह्यापाशी झोपे. तिकडच्या खोलीत."

त्यांनी मान वर केली. मला निरखून पाहिलं. "स्नेहा," म्हणाले. "नाक तिचंच हाय तुह्यं." आणि मग, "काऊन आली तू?"

मी मान वळवली. हिमानीला म्हटलं, "लिही. धक्का बसला त्याच्या सहा तास आधी ती बाई मेलेली होती. यांनी तिला उभारीने मारलं. भिंत नंतर पाडली."

हिमानीला वाटलं मला भोवळ आलीय. तिने माझा दंड धरला. तेवढ्यात काठी आली. एक्याऐंशीचा माणूस खाटेवरून असा उठेल असं वाटलं नव्हतं. हाड मोडल्याचं मला आधी ऐकू आलं, दुखलं मागून. हिमानी किंचाळली आणि गाडीकडे पळाली, ड्रायव्हरला आणायला. म्हणून पुढचं तिने पाहिलेलं नाही. दुसरा फटका मी हातावर घेतला. बाबा ओरडत होते, "तुह्या मायले गाडलं तशी तुले गाडतो!" भाऊ, तो एवढा मोठा कबुलीजबाब होता, आणि ऐकायला अंगणात आपणच घरचे.

काजल स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिने काठी धरली. दोन्ही हातांनी.

(आत्या इथे थांबली आहे. मी पाणी दिलं. — काजल)

बाबांनी काठी सोडली आणि तिचे केस धरले. तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा आपटणार होते. तू गोठ्यापासून तिथवर कधी आलास ते मी पाहिलं नाही. काठी तुझ्या हातात होती. पहिला घाव तू त्यांच्या मनगटावर घातलास, काजलचे केस सुटावेत म्हणून. ते सुटले नाहीत. दुसरा कोपरावर, मग सुटले. बाबा पडले.

त्यानंतर तू थांबला नाहीस.

तू ओरडत नव्हतास. शिव्या देत नव्हतास. गहू बडवतो तसा मारत होतास, एका लयीत, तोंडाने श्वास घेत. बाबांनी दोनदा हात वर केला. मग केला नाही. पडल्यानंतर एकूण चार घाव. मी मोजले. नंतर तू काठी खाली टेकवलीस आणि मला विचारलंस, "झालं आता?"

मग मोटारसायकल काढलीस, काठी आडवी मांडीवर घेतलीस आणि स्वतः ठाण्यात गेलास. आम्हा दोघींना हिमानीने आणि ड्रायव्हरने गाडीत घातलं. बाबांनाही. मागच्या सीटवर त्यांचं डोकं काजलच्या पायांपाशी होतं, आणि अकोल्यापर्यंत ती पाय वर घेऊन बसली होती.

त्यांना अग्नी मामांनी दिला. तुला परवानगी मिळाली नाही असं सांगितलं. तू मागितलीच नव्हतीस, असंही एका शिपायाने सांगितलं.

स्नेहा


मलकापूर
८ जानेवारी २०२५

भाऊ,

हाताचं प्लॅस्टर कालच काढलं. हे पत्र मी स्वतः लिहिते आहे, आणि काजलला दाखवणार नाही.

तुझा कागद पोचला. चार पानं. मायला बाबांनी मारलं हे तू लिहून, सही करून दिलंस. मी मागितलं तेव्हा दिलं असतंस तर, असं आधी मनात आलं. मग लाज वाटली. हिमानीने तो वाचला. मग तिने संगणकावर आपल्या गावाचा ठिपका काढून टाकला. म्हणाली, "मॅडम, मी तुमच्या आईच्या मृत्यूचा आकडा करून नकाशावर लावला होता." मी म्हटलं, तुझी चूक नाही. जे लिहिलेलं होतं ते तू वाचलंस.

काल इंद्रभान वकील येऊन गेले. मामांनी त्यांना नेमलंय. चांगला माणूस आहे, घसा साफ करत करत बोलतो. म्हणाले, "ताई, सुधाकररावांनी पोलिसांपुढे कबूल केलं ते कोर्टात चालत नाही. काठीवर म्हणावं तसं काही सापडलं नाही. बघणारे दोघंच. तुम्ही अन् पोरगी. तुम्ही दोघींनी जर असं म्हटलं का म्हातारा तुम्हाला मारता मारता ओट्यावरून घसरला, दगडावर पडला, तर गोष्ट संपली. एक्याऐंशी वर्षांचं वय. कोणाला नवल वाटणार नाही."

मी काही बोलायच्या आत काजल म्हणाली, "मी सांगीन. आजोबा घसरले. मी पाह्यलं." एका दमात. डोळे न हलवता.

भाऊ, मी तो आवाज ओळखला.

पहिल्या पत्रात बाबांची नोंद मी तुला उतरवून दिली तेव्हा शेवटची ओळ गाळली होती. ती कागदाच्या पाठीवर आहे, दुसऱ्याच्या अक्षरात, आणि हिमानीने कागद उलटला नव्हता. ती अशी आहे : 'तसेच मुलगी स्नेहलता, वय १३, हिचा जबाब : जमीन हालली व भिंत आईचे अंगावर पडली, मी डोळ्याने पाहिले.'

मी झोपले नव्हते. रात्रभर मी मायच्या पायाशी बसले होते आणि तिची जोडवी धरून होते. भांडी वाजली तेव्हा बाबा उठले आणि तुला म्हणाले, "सब्बल आन." तू आणलीस. तू रडत होतास, तुला दिसत नव्हतं, म्हणून कंदील मी धरला. माती माझ्या अंगावरही उडाली. भिंत पडल्यावर बाबांनी गावकऱ्यांना हाक मारली आणि सकाळी तहसीलचा माणूस सायकलवरून आला. त्याने तुला विचारलं, तू नुसती मान हलवलीस. मग त्याने मला विचारलं, "पोरी, तू काय पाह्यलं?" बाबा तिकडे विड्या वाटत होते. त्यांनी मला काही शिकवलं नव्हतं. धमकी दिली नव्हती. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. मी आपणहून बोलले. "जमीन हालली अन् भिंत मायवर पडली. म्या डोळ्यानं पाह्यलं."

त्याने वाक्य नीट करून लिहून घेतलं.

का बोलले? केसांत गुलाल होता म्हणून. खरं बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, की बाबा का चिडले. एवढंच. तेरा वर्षांच्या पोरीला तेवढं पुरतं.

एकतीस वर्षं मी तुला सब्बलीवरून तोडलं. कंदिलाचं तू कधी कोणाला सांगितलं नाहीस. परवाच्या चार पानांतही नाही. तिथे तू लिहिलंयस, 'बहीण लहान होती, तिला काही माहीत नाही.'

मी ते पान वाचून स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीवर डोकं टेकून उभी राहिले. काजल आत आली, काही न विचारता गॅस बंद करून गेली. दूध उतू गेलं होतं.

आज दुपारी मी तिला सगळं सांगितलं. गुलाल, उभारी, जोडवी, कंदील, सायकलवाला माणूस. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पन तुमी खोटं बोलल्या ते मारनाऱ्यासाठी. मी बाबासाठी बोलून राह्यली. बाबानं मले वाचवलं."

"हो."

"मंग?"

मी एवढंच म्हटलं की मी त्या दिवसापासून रोज ती भिंत पडताना पाहते. आपोआप पडलेली नसूनही पाहते. आधी आधी मला ठाऊक होतं की हे मी रचलेलं आहे. पुढे पुढे मला ते खरंच आठवायला लागलं. कधीकधी माय भिंतीखालून मला हाक मारते.

ती उठून गेली. दार लावलं. अजून उघडलेलं नाही.

तुला माझा निर्णय सांगायला हे पत्र लिहिलं. काजल काय म्हणेल ते तिचं. मी खरं सांगणार आहे. पहिले दोन घाव कशासाठी होते ते सांगीन. काजलचं डोकं चौकटीवर आपटलं ते सांगीन, मायचं सांगीन, माझ्या जबाबाचंही सांगीन. आणि बाबा पडल्यानंतरचे चारही सांगीन. मामा म्हणतात, भावाला फासावर द्यायला शिकलीस का तू? द्यायला नाही शिकले. पण मला तुझ्यासाठी दुसरी भिंत पाडता येणार नाही.

तू मला तोडलंस तर मी समजेन.

स्नेहा


मलकापूर
२८ जानेवारी २०२५

भाऊ,

काल संग्रामपूरच्या कोर्टात दोघींचे जबाब झाले.

आधी मी गेले. न्यायाधीश बाई होत्या, माझ्याहून लहान. त्यांनी विचारलं, "तुम्ही सुधाकर यांना थांबवायचा प्रयत्न केला का?"

"नाही."

"हाक मारली? ओरडलात?"

"नाही."

"का?"

टंकणारा माणूस बोटं वर धरून थांबला होता. मी म्हटलं, "मला ते घाव हवे होते."

बाईंनी विचारलं, हे असंच लिहायचं का? मी म्हटलं, असंच लिहा.

बाहेर आले तर काजल बाकावर बसली होती, कपाळावरचा रुमाल घट्ट करत. इंद्रभान वकील तिच्याशी हळू आवाजात बोलत होते. मी लांब उभी राहिले. तिला पुकारलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं नाही. आत एकटीच गेली. पाऊण तास लागला. वकीलसाहेब तेवढ्यात तीन चहा प्याले आणि मला त्यांनी एकदाही विचारलं नाही.

ती बाहेर आली ती सरळ आवाराच्या कोपऱ्यात गेली आणि ओकली. मी पाठीवर हात ठेवला. तिने तोंड धुतलं. मग म्हणाली, "सांगून टाकलं."

"काय?"

"सगळं. आजोबांनी मले आपटलं. बाबानं काठी घेतली. दोन मारले तं आजोबांनी मले सोडलं. मंग बाबानं थांबाव, असं मले वाटलं. मी म्हटलं बी, बाबा बस. हळू म्हटलं. त्याले ऐकू गेलं नसन."

भाऊ, ते मलाही ऐकू गेलं नव्हतं. मी चारच हातांवर होते तिच्यापासून.

वकील म्हणाले, आता खून म्हणून उभं राहायचं की रागाच्या भरात झालेलं म्हणून, यावर लढू. पोरीचे टाके आहेत, ताईंचं हाड आहे, जुना खून आहे. काही वर्षं जातीलच. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला राग आला असेल. ते घसा साफ करून म्हणाले, "आला. पन पोरगी आत बोलत व्हती तवा बाहेर ऐकू येत व्हतं. मधे अडखळली नाई." आणि त्यांनी तिच्यासाठी केळी घेऊन दिली.

येताना बसमध्ये ती खिडकीपाशी बसली होती. दोन्ही बाजूंना हरभरा, मधे मधे कोणाची संत्र्याची बाग. वरवटच्या पुढे आलो तेव्हा ती एकदम म्हणाली, "आत्या, बाबा आता माह्यासंगं बोलतीन का?"

मी आयुष्यभर दुसऱ्यांचे जबाब वाचत आले. कोण खरं बोलतंय, कोण ऐकीव सांगतंय, कोण काय झाकतंय, हे मला अक्षरावरून कळतं असा माझा समज होता. मी म्हटलं, विचारून बघू.

अकरा फेब्रुवारीपासून तिची बारावीची परीक्षा आहे. आतल्या खोलीत ती मोठ्याने रसायनशास्त्र पाठ करते आहे, मधेच थांबते, पुन्हा सुरू करते. पेपर संपले की भेटीच्या दिवशी मी तिला बुलढाण्याला घेऊन येणार आहे. तू बाहेर आला नाहीस तर आम्ही दोघी फाटकापाशी बसून परत जाऊ आणि पुढच्या भेटीला पुन्हा येऊ.

पण त्याआधी तिला लिही. मला नको, तिला. दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल, तुझी सवय आहे.

स्नेहा